बांबू लावला म्हणजे ऑफिस ग्रीन झालं? थांबा जरा

सध्या पुण्यातल्या छोट्या ऑफिसवाल्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड जोरात फिरतंय, पर्यावरणपूरक ऑफिस कसं करायचं म्हणून. त्याचं सांगणं थोडक्यात असं: जुनं प्लायवूड-लॅमिनेट सगळं काढून टाका, लोखंड-ॲल्युमिनिअम-प्लास्टिक नको, बांबू, लाकूड, ज्यूट लावा कारण नैसर्गिक ते शुद्ध, डब्यावर इको लिहिलेलं बघून घ्या, आणि खर्च दुप्पट येईल पण तेवढं करायलाच हवं. मी ऑफिस इंटिरिअरची कामं करतो त्यामुळे क्लायंट हे पाठवून विचारतात, करूया का? म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिलीच गोष्ट सगळ्यात घातक आहे, जुनं काढून टाका. अहो, जे लावलेलं आहे ते बनवताना जी वीज, जो कोळसा, जे डिझेल जायचं ते जाऊन चुकलंय, ते तोडून नवीन लावलं की तो खर्च निसर्गाच्या खात्यावर दुसऱ्यांदा पडतो, मग नवीन माल कितीही हिरवा असो. आणि काढलेलं कुठे जातं ते बघितलंय का कधी? सनमाइका फेव्हिकॉलने प्लायला असा बसलेला असतो की सुटत नाही, त्यामुळे तो तुकडा ना लाकूड म्हणून विकला जातो ना प्लास्टिक म्हणून. भंगारवाला बिजागऱ्या, ॲल्युमिनिअमचे सेक्शन आणि वायरी तेवढ्या वेचून नेतो, बाकी टेम्पो कुठल्या तरी नाल्याकाठी रिकामा होतो. राडारोडा वेगळा करून द्यायचा असा 2016 पासून नियम आहे, वाघोलीला महापालिकेचा प्रकल्पही आहे, पण तो काँक्रीट-विटांसाठी. जिप्सम, प्लाय, थर्माकोल एकत्र झालेला ढीग तिथे नेऊन काय होणार. त्यात बाणेर-खराडीकडे बऱ्याच लीजना 3 वर्षांचा लॉक-इन असतो, म्हणजे तोवर जागा सोडता येत नाही, तो संपला की कंपनी हलते, नवीन भाडेकरू येतो आणि म्हणतो आमची थीम वेगळी आहे, की परत हातोडा.

बरं, जुनं खराब झालंय म्हणावं तर नेमकं काय खराब झालंय ते वाकून बघा. पार्टिकल बोर्डच्या टेबलाचा साइड पॅनल घ्या. रोज मावशी फरशी पुसतात, ओलं फडकं त्या खालच्या कडेला लागतं, आधी कोपऱ्यात एज बँडची पट्टी सुटते, मग बोर्ड पाणी पिऊन फुगतो आणि बोट लावलं तरी भुसा पडतो. वरचा टॉप मात्र ठणठणीत असतो! सुताराकडून खालचे दोन इंच कापून, कडा सील करून प्लास्टिकचे लेव्हलर लावून घेतले की टेबल अजून काही वर्षं चालतं. प्लास्टिकचेच, हो. फॉरवर्डवाल्यांना वाईट वाटेल.

आता नैसर्गिक ते शुद्ध. बांबूबद्दल माझा काही राग नाही, 3 ते 5 वर्षांत कापायला येतो, 2017 मध्ये कायदा बदलून जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून काढला त्यामुळे तोडणी-वाहतूकही सोपी झाली, सिंधुदुर्गातला माणगा तर भरीव आणि दणकट असतो. पण तुम्हाला ऑफिससाठी जो गुळगुळीत बांबू बोर्ड दाखवतात तो म्हणजे पट्ट्या किंवा धागे रेझिनमध्ये, म्हणजे रासायनिक गोंदात, दाबून केलेला माल, बराचसा चीनमधून आलेला. त्यात रेझिन कुठलं हे विचारल्यावर सेल्सवाला एकदम ब्रोशर उघडतो. मुख्य प्रश्न तोच आहे. युरिया फॉर्मल्डिहाइड रेझिनवाला स्वस्त बोर्ड हवेत फॉर्मल्डिहाइड वायू सोडत राहतो, उष्णता आणि दमटपणा वाढला की जास्तच, आणि फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने (आयएआरसी) 2004 मध्येच माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. नवीन ऑफिसात डोळे चुरचुरतात तेव्हा लोक म्हणतात नव्या फर्निचरचा छान वास येतोय. खिडक्या बंद, एसी चालू, आणि आत हा वास. त्यापेक्षा बुरुड आळीतून चटईचे पडदे करून घ्या, बोरॅक्सचं ट्रीटमेंट केलेल्या बांबूचे, नाहीतर भुंगा लागतो. आणि ज्यूटचं कार्पेट पुण्यातल्या पावसाळ्यात ओल्या बुटांखाली ठेवून बघाच, ऑगस्टमध्ये कुबट वास आला की आधी रूम फ्रेशनर येतो आणि मग कार्पेट जातं. खाली शहाबादी किंवा कोटा फरशी असेल तर पॉलिश मारा आणि तसंच ठेवा ना.

धातू नको म्हणणं तर मला कळतच नाही. खनिजापासून एक टन स्टील करताना दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड जातो, ॲल्युमिनिअमला तर वीज प्रचंड लागते, हे सगळं मान्य. पण वितळवून पुन्हा केलेल्या ॲल्युमिनिअमला नव्याच्या साधारण 5 टक्केच ऊर्जा लागते, आणि सरकारी ऑफिसांतली ती जुनी लोखंडी कपाटं बघा, चाळीस वर्षं झाली तरी कुलूप लागतं. जुन्या बाजारातून असं कपाट आणून पावडर कोटिंग करून घेतलं तर नवीन बांबूच्या कपाटापेक्षा मला ते जास्त पर्यावरणपूरक वाटतं, कुणाला पटो न पटो.

लेबलांचं लवकर आटपतो. रंगाच्या डब्यावर लेड नाही असं मोठ्या अक्षरात असतं, पण घरगुती आणि डेकोरेटिव्ह रंगात 90 पीपीएमपेक्षा (दहा लाखांत 90 भाग) जास्त शिसं चालणार नाही हा 2017 पासून कायदाच आहे, त्यात कंपनीने उपकार काय केले? प्लायवरचा आयएस 710 चा शिक्का, म्हणजे मरीन प्लायचं भारतीय मानक, मुख्यतः पाण्यात ग्लू सुटू नये यासाठी आहे, तेवढ्यावरून हवेचं ठरवू नका. (त्याचं फिनॉलिक रेझिन कमी फॉर्मल्डिहाइड सोडतं हा फायदा आहेच, पण ते तुम्हाला दुकानदार सांगणार नाही कारण त्यालाही माहीत नसतं.) बोर्डसाठी ई1 किंवा ई0 (फॉर्मल्डिहाइड कमी सोडणाऱ्या बोर्डच्या ग्रेड) आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट मागा, लाकडासाठी एफएससीचं, म्हणजे जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलातलं असल्याचं, सर्टिफिकेट आणि बिलावर तो क्लेम लिहिलेला. नुसतं हिरवं पान छापलेलं असेल तर सोडून द्या.

खर्च दुप्पट होतो तो सगळं तोडून नवीन केलं तरच. फॉल्स सीलिंग न करता वायरी उघड्या ट्रेमध्ये नेल्या, पार्टिशन चिकटवण्याऐवजी स्क्रूने जोडून घेतलं, पेठांतल्या पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मीटिंग टेबलला वापरलं, तर बिल उलट कमीही येऊ शकतं. सागवानात खिळे राहिलेले असतात, मशीनवर रंधा मारायच्या आधी सुताराला ते शोधून काढायला लावा, नाहीतर ब्लेडचे पैसे तुमच्याकडून घेईल. आणि लीज सही करायच्या आधी मालकाला एवढं विचारा की जाताना जागा पूर्ण रिकामी करून द्यायची का, आणि आधीच्या भाडेकरूचं फर्निचर तसंच मिळतंय का. मिळत असेल तर भाव करा.