कोंबडखताचं काय?

कोंबड्यांना दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकवरच्या तुमच्या लेखात कोलिस्टिन या अँटिबायोटिकच्या पशुपालनातल्या वापरावर भारतात २०१९ साली आलेल्या बंदीबद्दल लिहिलंय, ते योग्यच. माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध कोंबड्यांचं वजन वाढवायला वापरणं थांबायलाच हवं होतं. पण कोंबडखताचा विषय राहून गेला. आमच्याकडे शेड रिकामी झाली की तूस-विष्ठा ट्रॉलीत भरून थेट द्राक्षबागेत, उसात पडते. खाद्यातल्या अँटिबायोटिकचा बराच भाग विष्ठेतून तसाच बाहेर येतो, सोबत प्रतिरोधक, म्हणजे औषधाला दाद न देणारे जिवाणूही. पाऊस झाला की ते ओढ्याला, विहिरीला मिळतं. शिवाय हा प्रतिरोध देणारी जनुकं एका जिवाणूतून दुसऱ्यात जातात; चीनमध्ये डुकरांत सापडलेलं, २०१५ साली जाहीर झालेलं कोलिस्टिन-प्रतिरोधाचं जनुक असंच पसरणारं. खताचा ढीग नीट तापू दिला, कुजू दिला तर धोका पुष्कळ कमी होतो. पशुसंवर्धन खात्याने हे शेडवर येऊन दाखवावं, नुसती पत्रकं वाटू नयेत.