सही राष्ट्राध्यक्षांची, अधिकार काँग्रेसनं दिलेला: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकी शासनाच्या तीन शाखांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की सत्ताविभाजन पाठ्यपुस्तकापुरतंच उरलंय. राष्ट्राध्यक्ष आपल्याकडच्या अध्यादेशासारखा आदेश काढतो, एका सहीत हवं ते करतो आणि काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, बघत बसते. दाखला दिलात मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी २०१९ मध्ये काढलेल्या आदेशाचा. दाखला अचूक आहे. निष्कर्ष मात्र मला पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझी चूक मान्य करतो. तिन्ही शाखा ‘समान ताकदीच्या’ असं मी लिहिलं होतं. घटनेत असं कुठंही म्हटलेलं नाही. पहिलं आणि सगळ्यांत लांब कलम काँग्रेसचं आहे. कर, खर्च, युद्धाची घोषणा हे सगळं त्यातच येतं. तो शब्द मागे घेतो.

अध्यादेशाची तुलना मात्र चुकते. भारतीय घटनेच्या कलम १२३ खालच्या अध्यादेशाला कायद्याचंच बळ असतं. संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत तो मंजूर झाला नाही, तर आपोआप संपतो. अमेरिकी राष्ट्राध्यक्षाला असा अधिकारच नाही. त्याच्या एक्झिक्युटिव्ह ऑर्डरला, म्हणजे कार्यकारी आदेशाला, टेकू लागतो, एक तर घटनेचा, नाही तर काँग्रेसच्या एखाद्या कायद्याचा. कोरियन युद्ध चालू असताना, संपाच्या तोंडावर, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ८ एप्रिल १९५२ रोजी पोलाद कारखाने ताब्यात घेण्याचा आदेश काढला. सर्वोच्च न्यायालयाला त्यामागे असा टेकू दिसला नाही. २ जूनला ६ विरुद्ध ३ मतांनी आदेश रद्दबातल ठरला.

२०१९ मध्ये टेकू होता, आणि तो काँग्रेसनंच देऊन ठेवला होता. खरी गोम इथंच आहे. ट्रम्प यांनी भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर मागितले, काँग्रेसनं १.३७५ अब्ज दिले. १५ फेब्रुवारीला त्यांनी १९७६ च्या कायद्याखाली राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. आणीबाणी जाहीर झाली की इतर कायद्यांत एरवी निद्रिस्त असलेली कलमं जागी होतात. त्यांतल्याच एका कलमाच्या आधारे पुढे लष्करी बांधकामाचे ३.६ अब्ज डॉलर भिंतीकडे वळवले गेले.

एवढा अधिकार देताना काँग्रेसनं लगाम ठेवला नव्हता का? ठेवला होता. मूळ कायद्यानुसार प्रतिनिधीगृह आणि सिनेट या काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमतानं ठराव केला की आणीबाणी संपत असे, राष्ट्राध्यक्षाची सही लागत नसे. हा लगाम तुटला तो एका वेगळ्याच खटल्यात. जगदीश राय चढ्ढा हे केनियात जन्मलेले भारतीय वंशाचे विद्यार्थी. त्यांचा व्हिसा १९७२ मध्ये संपला. १९७४ मध्ये इमिग्रेशन न्यायाधीशानं त्यांची हकालपट्टी थांबवली. डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधीगृहानं एकट्यानंच ठराव करून तो निर्णय फिरवला. सिनेटचं मत नाही, राष्ट्राध्यक्षाची सही नाही. २३ जून १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालय ७ विरुद्ध २ मतांनी म्हणालं, हे चालणार नाही. कायदेशीर परिणाम घडवायचा असेल तर दोन्ही सभागृहांची मंजुरी हवी आणि मग ठराव राष्ट्राध्यक्षापुढे जायला हवा.

चढ्ढा अमेरिकेतच राहिले. पण त्याच तत्त्वानं आणीबाणी संपवण्याची सोपी वाटही बंद झाली. १९८५ मध्ये काँग्रेसनं कायदा दुरुस्त करून तिथं जॉइंट रिझोल्यूशन, म्हणजे संयुक्त ठराव, घातलं. त्यावर राष्ट्राध्यक्षाची सही लागते, म्हणजेच त्याला नकाराधिकार वापरता येतो. न्यायालयाचा तर्क घटनेच्या शब्दांना धरूनच होता, असं माझं मत आहे. तरी त्याचा परिणाम फार मोठा झाला. दिलेला अधिकार साध्या बहुमतानं परत घेता येत होता, त्याला आता व्यवहारात, नकाराधिकार मोडून काढण्यासाठी, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागू लागली.

आता २०१९ चे आकडे पाहा. आणीबाणी संपवण्याचा ठराव प्रतिनिधीगृहात २४५ विरुद्ध १८२ आणि सिनेटमध्ये ५९ विरुद्ध ४१ असा मंजूर झाला. सिनेटमध्ये तर राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे बारा सदस्य ठरावाच्या बाजूनं उभे राहिले. १५ मार्चला ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला. २६ मार्चला प्रतिनिधीगृहात पुन्हा मतदान झालं, २४८ विरुद्ध १८१. दोन तृतीयांश धरायचे ते मतदान करणाऱ्यांचे. ४२९ पैकी २८६ हवे होते, ३८ कमी पडले. काँग्रेस बघत बसली नव्हती. तिनं दोन्हीकडे बहुमत जमवलं आणि ते पुरलं नाही.

पुरतं तेव्हा चित्र वेगळं दिसतं. डिसेंबर २०२० मध्ये संरक्षण विधेयकावरचा ट्रम्प यांचा नकाराधिकार प्रतिनिधीगृहानं ३२२ विरुद्ध ८७ आणि १ जानेवारी २०२१ रोजी सिनेटनं ८१ विरुद्ध १३ मतांनी मोडून काढला.

भिंतीची आणीबाणी २० जानेवारी २०२१ रोजी संपली, तीही नव्या राष्ट्राध्यक्षांच्या सहीनं. इराणबाबत १४ नोव्हेंबर १९७९ रोजी जाहीर झालेल्या आणीबाणीचं तर दरवर्षी नूतनीकरण होत आलं आहे.

म्हणून तुमचा राग मला रास्त वाटतो, फक्त त्याचा रोख घटनेवर नको, १९७६ च्या कायद्यावर हवा. उपायही तिथंच आहे. मार्च २०१९ मध्ये सिनेटर माइक ली यांनी एक विधेयक मांडलं होतं. काँग्रेसनं मंजुरी दिली नाही, तर आणीबाणी ३० दिवसांत आपोआप संपावी, अशी त्यात तरतूद होती. म्हणजे बहुमत जमवण्याचं ओझं राष्ट्राध्यक्षाच्या अंगावर, आणि चढ्ढा निकालालाही धक्का नाही. ते विधेयक मंजूर झालं नाही.