"लीगल आहे" म्हणणाऱ्यांनो

आज पॉटलकच्या जेवणातून अर्ध्यातच उठून आले. नुकतीच पुण्याहून एमएसला आलेली दोन पोरं होती तिथे. आमच्यातलेच एक गृहस्थ त्यांना सांगत होते, "अरे, न्यू जर्सीत गांजा लीगल आहे, घाबरता काय!"

मला माझा भाचा आठवला. त्यालाही असंच कुणीतरी सांगितलं होतं. शनिवारची पार्टी, रीतसर दुकानातून आणलेली एक गमी, म्हणजे गांजा घातलेली चघळायची गोळी. पुढे ग्रीन कार्डच्या मेडिकलला डॉक्टरांनी विचारलं, कधी ड्रग्ज घेतलेत? तो म्हणाला, हो, एकदा, इथे लीगल आहे म्हणून. डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं आणि फाइल वर्षभर अडकली.

लीगल कुणासाठी, ते सांगा ना! 2020 ला इथल्या लोकांनी गांजाच्या बाजूने मत दिलं, 21 एप्रिल 2022 पासून 21 वर्षं पूर्ण झालेल्यांना दुकानात मिळायला लागला, सगळं खरं. पण ती परवानगी राज्याची. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा 1970 चा कायदा ती मानत नाही, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व सगळं केंद्राच्या हातात. तिथे दुकानाची पावती दाखवलीत तर ती तुमच्याच गळ्यात येते. आणि राज्याचं म्हणाल, तर डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडून फिलाडेल्फियात गेलात की तिथल्या राज्याच्या कायद्याने तीच गमी गुन्हा. पेनसिल्व्हेनियात फक्त औषध म्हणून, तेही कार्ड असेल तर.

बरं, चिमूटभर गांजासाठी पोरांना, त्यातही काळ्या पोरांना, बेड्या पडायच्या, ते न्यू जर्सीच्या या नव्या कायद्याने कमी झालं. तेवढं मान्य.

पण माझ्या भाच्याला वकिलांनी सांगितलं होतं, निकाल लागेपर्यंत देशाबाहेर जाऊ नका. त्याच वर्षी माझी आई गेली. याला तिनेच लहानाचं मोठं केलेलं. मी साताऱ्याला पोचले, तो इथे माझ्या स्वयंपाकघरात फोनवर आजीला शेवटचं बघत बसला. परत आले तर म्हणाला, "मावशी, मी खरं बोललो ते चुकलं का गं?" काय सांगणार होते मी त्याला?

त्या गृहस्थांकडे अमेरिकन पासपोर्ट आहे. त्यांनी खुशाल घ्यावं. दुसऱ्यांच्या पोरांना कशाला सांगता?

निघताना त्या दोघांना बाजूला घेतलं, सगळं सांगितलं, माझा नंबर दिला. आत्ताच एकाचा मेसेज आलाय: "काकू, रूममेटच्या ड्रॉवरमध्ये आहे. चालतं का?"

फोन लावतेय त्याला.