‘ही वारी की नोकरी?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक माळकरी’ यांस,

मार्गशीर्षात पुणे ते जेजुरी तीन दिवसांत पायी कसं जावं, यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : “माउलींची पालखी पुण्याहून एका दिवसात सासवड गाठते. तुम्ही वडकीला बस पकडून घरी झोपायला जाता आणि सकाळी तिथूनच पुढे चालता. ही वारी की नोकरी? आधी खोली बुक करून देवाला जाणारे हौशी लोक. शिवाय सोमवती अमावास्येचं शेवटी एका ओळीत उरकलंय, परतीचं तर काहीच नाही.”

मतभेद असू द्यात हो, पण ‘हौशी’? माझे आजोबा माळकरी, आजी प्रत्येक एकादशीला आळंदीला पायी जायची. आमचं घर नाना पेठेत. पालखीच्या मुक्कामात आमच्या जिन्यातसुद्धा वारकरी झोपायचे आणि त्यांचे पाय चेपायचं काम आम्हा पोरांकडे असायचं. तेव्हा वारी म्हणजे काय हे निदान टोपणनावाआडून तरी मला शिकवू नका.

आता ते एका दिवसाचं. पालखी एका दिवसात सासवडला जाते, खरं आहे. कशी जाते हेही सांगायचं होतंत. पहाटे भवानी पेठेतून निघते, हडपसरला विसावा, दुपारी वडकीला विसावा, मग दिवे घाट. रथाला बैलांच्या जादा जोड्या लावाव्या लागतात. त्या दिवशी घाट वाहनांना बंद असतो. दिंडीचं सामान ट्रकमध्ये, पाण्याचा टँकर सोबत, स्वयंपाक करणारी माणसं पुढे गेलेली. आणि एवढं चालून झाल्यावर पालखी सासवडला दोन रात्री थांबते. हे दोन मुक्काम आपल्या हिशेबात कुठे गेले?

आमच्याकडे यातलं काय आहे? पाठीवर सॅक, सोबत साठीच्या दोन मावश्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच एवढं चालणारे ऑफिसातले चारजण. पुणे ते सासवड साधारण 30 किलोमीटर. नवख्या माणसाचे चहा-जेवण धरून तासाला दोन-अडीच किलोमीटर झाले तरी खूप. सकाळी सहाला निघालात तर घाटात शिरेपर्यंत दुपार टळलेली असते. पालखीच्या दिवसांत सात वाजून गेले तरी उजेड असतो; मार्गशीर्षात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे दमलेल्या पायांनी, तिन्हीसांजेला, चालू रहदारीच्या घाटातून वळणावळणाने जायचं. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमच्या गळ्यातली माळ दिसत नाही, महोदय.

म्हणून वडकी. घाटाखाली पहिला दिवस संपवायचा, दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हात घाट चढायचा, झेंडेवाडीला चहा आणि दुपारच्या आत सासवड. सोपानदेवांच्या समाधीचं दर्शन निवांत होतं. तिसऱ्या दिवशी जेजुरीचे 17-18 किलोमीटर आणि वर गडाच्या पायऱ्या. त्या पायऱ्यांसाठी गुडघे शिल्लक ठेवावे लागतात.

राहता राहिली बस. वडकीजवळ मंगल कार्यालयाचा हॉल मिळतो का ते बघा, असं मी लेखातच लिहिलंय. पण मार्गशीर्षात लग्नाची तिथी असली की वऱ्हाड सोडून आपल्याला कोण जागा देणार? मग रस्त्यावर पथारी पसरण्यापेक्षा बसने घरी यावं आणि सकाळी त्याच थांब्यावर उतरावं. त्यात चाललेलं अंतर एका पावलानेही कमी होत नाही. खोलीबद्दल म्हणाल तर सासवडला आधी फोन करून ठेवण्यात देवाचा अपमान कसा होतो, हे काही मला कळलं नाही. दिंडीवालेसुद्धा मुक्कामाची जागा महिनोन्‌महिने आधी ठरवतात.

सोमवतीचं तुमचं म्हणणं मान्य. त्या दिवशी खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते, जेजुरीत पाय ठेवायला जागा नसते. ती ओळ लेखात वर घेतो. परतीचं काय सांगायचं? एसटी आहे, रेल्वे स्टेशन आहे, वेळापत्रक ज्याचं त्याने बघावं.

आणि पुढच्या वेळी प्रतिक्रिया खऱ्या नावाने द्या. तसं नसेल तर मी ती छापणार नाही.