मुलीनं छातीतून गायलं की म्हणे गर्भाशय सरकतं!

नागपूरच्या धरमपेठेत गाणं शिकणाऱ्या माझ्या भाचीचा क्लास ताईनं बंद केला. कारण व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज: 'मुलींना चेस्ट व्हॉइस, बेल्टिंग शिकवू नका. गर्भाशय सरकतं, आवाज पुरुषी होतो, स्वरतंतू फाटतात, आपल्या परंपरेत हे नाहीच. त्रास झाल्यास मध-आलं घ्या, तंतू भरून येतात.' खाली ना डॉक्टरचं नाव, ना गवयाचं.

ताई घाबरली ती गर्भाशयाला, म्हणून आधी तेच. जोरात गाताना पोटाचे स्नायू दाब देतात, खरं आहे. पण साध्या खोकल्यात त्याहून कितीतरी जास्त दाब तयार होतो. मग मुलींनी खोकायचंही नाही का? मे महिन्यात कूलरमध्ये ओतायला भरलेल्या बादल्या उचलायच्या असतात, तेव्हा बरी मुलगीच लागते! तिथं कुणाला हा मेसेज आठवत नाही.

आवाज पुरुषी होण्याचं तर विचारूच नका. वयात येताना मुलग्यांच्या स्वरपट्ट्या (मेसेजमधले स्वरतंतू त्या याच) लांब, जाड होतात त्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकामुळे, रियाजामुळे नाही. चेस्ट व्हॉइस म्हणजे ताई फोनवर बोलते तोच आवाज. काळी चारच्या षड्जावरून, म्हणजे हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीला 'सा' धरून, वर चढताना पंचम-धैवताच्या ('प-ध'च्या) आसपास बहुतेक बायकांचा आवाज पातळ व्हायला बघतो. त्याच्याही वर बोलण्यातला भरीवपणा टिकवायचा, ते बेल्टिंग. जाणती बाई शिकवत असेल तर वर जाताना आवाजाचं वजन कमी करायला लावते, गळा आवळू देत नाही.

परंपरेत नाही? शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांचा खुला 'आ'कार १९७७ पासून नासाच्या व्हॉयेजर यानांवर अंतराळात फिरतोय. सुलोचना चव्हाणांनी लावणी काय कुजबुजत गायली?

फाटण्याच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजानं मान्य करते. गळा आवळून ओरडत राहिलं तर स्वरपट्ट्यांवर गाठी येतात, आणि बायकांना जास्त येतात. साधं बोलतानाही त्यांच्या पट्ट्या सेकंदाला २०० च्या आसपास वेळा आपटतात, पुरुषांच्या १२० च्या. पण वर्गात दिवसभर ओरडणाऱ्या शिक्षिकांनाही या गाठी होतात, त्यांना कुठं कुणी बेल्टिंग शिकवलं होतं? अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात: घोगरेपणा चार आठवड्यांत गेला नाही, तर स्वरयंत्र आतून तपासा.

राहिला मध. गिळलेलं अन्ननलिकेत जातं, स्वरपट्ट्या श्वासनलिकेच्या तोंडाशी. थेंब खरंच तिथं पोहोचला तर ठसकाच लागायचा. आल्याचा चहा खुशाल प्या, औषध म्हणून नको.