‘होईल हो’ एवढं म्हणू नका

आज सकाळी भाडेकराराचा एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला होता. अकरा महिने संपले, पुढचा करार. आमच्या स्वतःच्या फ्लॅटच्या ताब्याची तारीख उलटून गेल्यानंतरचा हा तिसरा. नवऱ्याचा अंगठा लागला, माझा लागला. साक्षीदार म्हणून माझे सासरे, नाना, बसले होते. त्यांचा अंगठा काही लागेना. वयाने रेषा पुसट होतात. एजंटने ओल्या फडक्याने बोट पुसलं, पुन्हा ठेवायला लावलं, तिसऱ्या वेळी जमलं. जाताना बॅगेची चेन ओढत तो म्हणाला, "चला काका, पुढच्या वर्षी भेटूच."

मुलगा चांगला आहे. सहज बोलून गेला. पण नाना त्यानंतर जे उठून आत गेले ते जेवायलाच बाहेर आले.

दुपारी ऑफिसात हे सांगितलं तर एक जण म्हणाली, "अगं, घर म्हटलं की उशीर व्हायचाच. होईल हो." आणि माझं डोकं जे सटकलंय ते आत्ता रात्रीचे अकरा वाजले तरी ठिकाणावर नाही. म्हणून लिहितेय.

नाना पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. आयुष्यभर धरणांचे, कालव्यांचे नकाशे ट्रेसिंग कापडावर उतरवले. आम्ही पुण्यात फ्लॅट बुक केला त्या रात्री त्यांनी नातीच्या वहीतला आलेख कागद मागून घेतला आणि बिल्डरच्या पत्रकावरून सगळा फ्लॅट मापात काढला. मग जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापले. हे कपाट, हा पलंग, ही शिलाई मशीन. ते तुकडे कागदावर सरकवत बसायचे. पूर्वेच्या खिडकीपाशी एक छोटा चौकोन आहे, त्यावर पेन्सिलीने लिहिलंय ‘खुर्ची’. ती त्यांची.

हे डिसेंबर 2020 मधलं. तारीख मुद्दाम सांगतेय. सरकारने त्या वर्षी मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सवलत दिली होती, 31 डिसेंबरपर्यंत. आठवत असेल तुम्हाला, काय झुंबड उडाली होती. आम्हाला रोज फोन येत होते. सर, आज टोकन द्या. मॅडम, सवलत जाईल. बँकेची कागदपत्रं एका आठवड्यात गोळा केली, तोंडाला मास्क लावून नोंदणी कार्यालयात तीन तास उभे राहिलो. तेव्हा एक दिवससुद्धा उशीर चालत नव्हता.

करारात ताब्याची तारीख डिसेंबर 2023 होती. ती झाली जून 2024. मग डिसेंबर. मग 2025 ची दिवाळी. ती दिवाळी गेल्या महिन्यात झाली. आता फ्लॅट घेतलेल्या सगळ्यांच्या ग्रुपवर मेसेज आलाय, मार्च 2026, ‘अंदाजे’.

हा ‘अंदाजे’ शब्द मला सहन होत नाही. उशीर एक वेळ सोसता येतो, मी खरंच सांगतेय. कोणी समोर बसून सांगितलं असतं की बाई, दोन वर्षं लागणार, तर रडले असते, चिडले असते आणि मग दोन वर्षांचा हिशोब मांडला असता. पण सहा-सहा महिन्यांचं गाजर दाखवलं की माणूस सहा-सहा महिन्यांपुरताच जगतो. कपाट नको, तिकडे गेल्यावर घेऊ. पडदे नकोत. लेकीला चौथीनंतर कुठल्या शाळेत घालायचं? इथल्या की तिकडच्या? मागच्या वर्षी ‘तिकडच्या’ म्हणून इथला फॉर्म भरला नाही, आणि पुन्हा इथेच हातापाया पडून प्रवेश घेतला. आणि नानांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू. उजव्याचं ऑपरेशन झालं तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, दुसराही फार लांबवू नका. नाना म्हणाले, "नव्या घरी गेल्यावर करू, तिथे लिफ्ट आहे." आम्हीही मान डोलावली. इथे तीन जिने आहेत ना.

दर रविवारी नाना पीएमटीने साइटवर जायचे. गेटवरच्या वॉचमनशी ओळख करून घेतली होती. परत आले की कॅलेंडरवर आकडा टाकायचे. पाचवा स्लॅब. सहावा. नववा. पहिली दीड वर्षं काम असं धावत होतं की आम्हाला वाटलं, वेळेच्या आधीच मिळतंय घर.

यामागचं कारण मला फार उशिरा कळलं, आणि घर घेणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावं असं मनापासून वाटतं. महाराष्ट्रात करारात पैशांचे टप्पे ठरलेले असतात. करार झाला की 30 टक्क्यांपर्यंत, जोतं झालं की 45, आणि सगळे स्लॅब पडले की 70 टक्क्यांपर्यंत. म्हणजे नुसता सांगाडा उभा राहिला की तुमचे सत्तर टक्के गेले. त्यानंतर भिंती, प्लास्टर, फरशी, नळ, लिफ्ट, वीज, अग्निशमन दलाचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र या सगळ्या कटकटीच्या, वेळखाऊ कामांसाठी उरले तीस. आता तुम्हीच सांगा, घाई कुठल्या टप्प्यात असणार? नानांचा चौदावा स्लॅब झाला आणि कॅलेंडरवर आकडे पडायचे थांबले. मोजायला काही उरलंच नाही. तरी ते जात राहिले. परत आल्यावर विचारलं तर म्हणायचे, "काम चालू आहे." एकदा म्हणाले, "दोन माणसं होती."

आणि व्याज! आमच्या बँकेकडून एकदा हप्ता सुटायला नऊ दिवस उशीर झाला. नऊ दिवस. दहाव्या दिवशी बिल्डरचं व्याजाचं पत्र हजर, पैशापैशाचा हिशोब लावलेलं. तेवीस महिने त्याच्याकडून उशीर झालाय, त्याचं एक ओळीचं पत्र नाही. रेरा कायद्यात, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्यात, दोघांना व्याजाचा दर एकच आहे. महाराष्ट्रात तो स्टेट बँकेच्या सर्वांत वरच्या एमसीएलआरपेक्षा, म्हणजे बँकेने कर्जासाठी ठरवलेल्या पायाभूत व्याजदरापेक्षा, दोन टक्के जास्त. तारीख चुकली तर 18 वं कलम सरळ दोन वाटा देतं: पैसे व्याजासकट परत घ्या आणि बाहेर पडा, नाहीतर थांबा आणि ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज घ्या. हे मी वकील म्हणून लिहीत नाहीये. मला हे माहीत असायची वेळ यायलाच नको होती.

कोविडचं कारण ऐकून ऐकून कान किटले. हो, मान्य आहे, ज्यांनी आधी घरं बुक केली होती त्यांच्या इमारतींवरून मजूर खरंच गावी निघून गेले. महारेराने, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, 2020 मध्ये त्यासाठी मुदतही वाढवून दिली, योग्यच केलं. पण आमचा करार डिसेंबर 2020 चा आहे! लॉकडाऊन बघून, मास्क लावून, सगळं माहीत असताना त्यांनीच ती तारीख लिहिली होती. प्रकल्पाच्या रेरा नोंदणीची मुदत वाढवायला कायद्याच्या सहाव्या कलमात संकटांची यादी आहे: युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप. त्यात ‘टाइल्सचा ठेकेदार पळून गेला’ नाही. ‘बाकीचे फ्लॅट विकले गेले नाहीत’ तर नाहीच नाही. आणि नोंदणीची मुदत वाढली म्हणून आपल्या करारातली तारीख पुसली जात नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्येच सांगितलंय. आमच्या ग्रुपवर मात्र बिल्डरचा माणूस दर वेळी लिहितो, ‘महारेराने नवीन तारीख मंजूर केली आहे’, आणि खाली वीस जण हात जोडतात.

त्या हात जोडण्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. ग्रुपवर कुणी तक्रारीचा विषय काढला की लगेच सुरू. ‘त्याला चिडवू नका.’ ‘काम बंद करेल.’ ‘कोर्टकचेऱ्या करून कुणाला घर मिळालंय?’ परवा एकाने लिहिलं, ‘सकारात्मक राहा.’ अहो, आपण आपल्याच पैशाने घेतलेल्या घराची तारीख विचारतोय. त्यात नकारात्मक काय आहे? महारेराकडे तक्रारीची फी पाच हजार रुपये आहे, ऑनलाइन भरता येते. आम्ही एका महिन्याला भाडं आणि बँकेचं व्याज मिळून जे घालवतो त्याच्यापुढे ते काहीच नाही.

बँकेचंही ऐका. कर्ज पूर्ण उचललेलं नाही, त्यामुळे दर महिन्याला नुसतं व्याज जातं, मुद्दल जागचं हलत नाही. कर्ज घेतलं तेव्हा रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, ज्यावर आपलं व्याज ठरतं, 4 टक्के होता. मे 2022 पासून जो वाढायला लागला तो फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहावर गेला, आमचं व्याज त्याच्या मागोमाग. त्यात जुन्या करपद्धतीत स्वतः राहायच्या घराच्या व्याजावर दोन लाखांपर्यंतची सूट हवी असेल तर कर्ज घेतलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत घर पूर्ण व्हावं लागतं, नाहीतर तीस हजारांवर बोळवण. आमची ती पाच वर्षं 31 मार्च 2026 ला संपतात. बिल्डरचा ‘अंदाजे’ही मार्चच आहे. उशीर त्याचा, आणि भुर्दंड आम्हाला.

थोडं थांबले होते. चहा करून आले.

आत बघितलं तर नाना जागे होते. टेबलावर तो आलेख कागद. घड्यांवर आता फाटायला आलाय, मागून चिकटपट्टी लावलीय. पुठ्ठ्याचे तुकडे एका औषधाच्या डबीत असतात, ते काढून मांडत होते. पलंगाचा तुकडा भिंतीच्या रेघेवर चढला होता आणि त्यांच्या ते लक्षात आलं नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षं केसाएवढ्या रेघा ओढल्या, त्याला अर्ध्या सेंटिमीटरची चूक दिसत नव्हती.

मी तिथेच उभी राहिले. इतका वेळ मी बिल्डरवर चिडत होते, ग्रुपवर चिडत होते, त्या बिचाऱ्या सहकारी मैत्रिणीवर चिडत होते. तिचा काय दोष? मला बरं वाटावं म्हणूनच ती बोलली. पण डोळ्याचं ऑपरेशन बिल्डरने नाही लांबवलं. ते आम्ही लांबवलं. तीन जिने आजही आहेत, दोन वर्षांपूर्वीही होते, आणि उजव्या डोळ्याच्या वेळी नाना ते दुसऱ्या दिवशी सावकाश चढून आलेच होते की. आम्ही आमचं सगळं जगणं त्या चौदा मजल्यांच्या सांगाड्यात नेऊन ठेवलं आणि इथे नुसते पाहुण्यासारखे राहिलो. पाच वर्षं. या घराच्या भिंतीला आम्ही एक खिळा ठोकलेला नाही. लेकीची चित्रं अजून फायलीत आहेत, ‘तिकडे लावू’ म्हणून.

घर उशिरा मिळणाऱ्या सगळ्यांना एवढंच सांगायचंय, पैशांसाठी भांडा, लेखी तारीख मागा, तोंडी एक शब्द मानू नका, महारेराच्या साइटवर दर तीन महिन्यांनी प्रगतीचा अहवाल टाकावा लागतो तो वाचा आणि साइटवरच्या कामाशी पडताळा. पण मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचे डोळे, गुडघे, दात त्या तारखेला बांधू नका. आम्ही बांधले. आणि कृपा करून, तुमच्या ओळखीत कुणी असं अडकलेलं असेल तर त्याला ‘होईल हो’ म्हणू नका, ‘पेढे कधी’ विचारू नका. काय होतंय ते विचारा आणि दहा मिनिटं ऐका. खूप बरं वाटतं. मला वाटलं असतं.

तक्रारीचा अर्ज मी अर्धा भरलाय. करार आणि पावत्या स्कॅन करून झाल्या, उद्या फी भरते. नवरा म्हणतोय ग्रुपला आधी विचारू. मी नाही विचारणार.

आणि नानांना विचारलं, "सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं का? सकाळीच फोन करून वेळ घेते." मला वाटलं पुन्हा लिफ्टचं काढतील. त्यांनी चष्मा काढला, कागदावर वाकून बघितलं, पलंगाचा तुकडा बोटाने चाचपला. मग म्हणाले, "घे वेळ. डोळा बरा झाला की हा परत काढायला हवा. यातल्या रेघा सरळ नाही आल्यात."