म्हणे, सगळे प्राणी एकदमच अवतरले!

2018 सालचा एक फॉरवर्ड अजून फिरतोय. मार्क स्टोकल आणि डेव्हिड थेलर या शास्त्रज्ञांनी लाखो प्राण्यांचा डीएनए तपासला, दहातल्या नऊ जाती माणसाबरोबरच एक-दोन लाख वर्षांपूर्वी अवतरल्याचं सिद्ध केलं, म्हणून उत्क्रांती खोटी, असं त्यात असतं.

आधी ‘डीएनए तपासला’ म्हणजे काय ते बघू. तपासला तो बारकोड, म्हणजे मायटोकाँड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या) एकाच जनुकाचा साधारण 650 अक्षरांचा तुकडा. प्रवाळातला क्लाउनफिश घ्या. त्याच्या शेपटीच्या पराचा नखाएवढा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवला तरी काम भागतं, कारण एकेका पेशीत मायटोकाँड्रियल डीएनएच्या शेकडो प्रती असतात. हा डीएनए म्हणजे सुमारे 16,600 अक्षरांचं एक कडं. त्यात जनुकं 37, त्यांतली प्रथिनं बनवणारी फक्त 13. पेशीच्या केंद्रकात मात्र 90 कोटींच्या आसपास अक्षरं आहेत. बारकोडने त्यांना हातही लावलेला नाही.

आता ‘अवतरले’. हे कडं फक्त आईकडून येतं. जिला मुली झाल्या नाहीत, तिचं कडं तिच्या मुलांबरोबर संपतं. अशा गळतीने शेवटी एकाच मादीचा वारसा उरतो. एक-दोन लाख वर्षं हे त्या सामायिक आईचं वय. गावात आज एकच आडनाव उरलं, म्हणून गाव त्याच घराण्याने वसवलं असं आपण म्हणतो का?

‘उत्क्रांती खोटी’ यावर फार बोलायला नको. आमचं काम डार्विनच्या बाजूचंच आहे, असा खुलासा लेखकांनीच शोधनिबंधाला जोडलाय. मथळे देणाऱ्यांनी तो वाचला नसावा.

आणि पनामाचं काय करायचं? उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणारी ती चिंचोळी जमीन साधारण 30 लाख वर्षांपूर्वी वर आली आणि समुद्राचे दोन भाग झाले. आज अटलांटिक बाजूला अबुडेफ्डफ सॅक्साटिलिस हा मासा, पॅसिफिक बाजूला अबुडेफ्डफ ट्रोशेलाय: दोघेही काळ्या पट्ट्यांचे, प्रवाळाभोवती घोटाळणारे. (यांचे भाऊबंद मालवणला पाण्यात उतरलेल्यांनी पाहिले असतील.) दोघांच्या मायटोकाँड्रियात लाखो वर्षांच्या ताटातुटीएवढा फरक साचलाय. फॉरवर्ड खरा मानायचा, तर जमीन वर आल्यावर हे दोघे अठ्ठावीस लाख वर्षं थांबले आणि मग दोन समुद्रांत एकाच मुहूर्तावर जन्मले!